कारण लेखी द्या : हत्यारांच्या परवान्याचे एक जुने भांडण

१८५७ च्या सप्टेंबरात कंपनी सरकारने घाईघाईने हत्यारांचा कायदा केला. घरी तलवार, भाला, बंदूक जे काही असेल ते सरकारदरबारी नोंदवा, परवाना घ्या, नाहीतर जमा करा, असा त्याचा सरळ अर्थ. उत्तरेत बंड पेटले होते आणि दक्षिणेत ते पसरू नये याची काळजी मुंबई सरकारला लागली होती. मुधोळ हे घोरपड्यांचे संस्थान. तिथल्या हलगली गावात बेरडांची वस्ती मोठी. हत्यार हे त्यांच्या पोटाचे साधन होते आणि अब्रूचेही. जमा करण्याचा हुकूम आला तेव्हा त्यांनी तो मानला नाही. समजूत घालायला आलेल्यांना त्यांनी परत पाठवले, आसपासच्या गावांतून माणसे जमवली. नोव्हेंबरच्या अखेरीस फौज आली, गाव पेटले, अनेकजण तिथेच पडले आणि जे हाती लागले त्यांच्यापैकी कित्येकांना डिसेंबरात जाहीरपणे फाशी देण्यात आले.

या घटनेवर कन्नडमध्ये लावणी रचली गेली आणि गावोगाव गायली गेली. पुढे ती छापली कोणी, तर मुंबई इलाख्यातल्याच एका सनदी अधिकाऱ्याने. शिलालेखांचे अभ्यासक म्हणून नाव मिळवलेले जे. एफ. फ्लीट यांनी ‘इंडियन अँटिक्वरी’त ती प्रसिद्ध केली. वर्तमानपत्रे त्या भागात पोहोचलीही नव्हती. विनापरवाना हत्यार बाळगण्याबद्दल सामान्य माणसाला काय वाटते याचा लेखी पुरावा आपल्याला अशा लावणीतच सापडतो. हलगलीच्या पुढच्याच वर्षी नरगुंदचे संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी बंड केले. त्यामागे दत्तक नामंजूर झाल्याची सल होती तशीच शस्त्रे काढून घेतली जाण्याचीही होती. मॅन्सन या पोलिटिकल एजंटाचा त्यात बळी गेला आणि बाबासाहेबांना बेळगावला फाशी झाली.

बंड मोडले, राणीचा जाहीरनामा निघाला, पण हत्यारांवरचा संशय सरकारच्या मनातून गेला नाही. वीस वर्षांनी लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीत त्या संशयाला कायमचे रूप मिळाले. १८७८ च्या मार्चमध्ये लिटनच्या सरकारने दोन कायदे लागोपाठ केले. एक देशी भाषांतल्या वर्तमानपत्रांची मुस्कटदाबी करणारा आणि दुसरा ११ वा कायदा, म्हणजे आर्म्स ॲक्ट. दख्खनवर त्या वेळी दुष्काळाची छाया होती. तीनच वर्षांपूर्वी सुप्याच्या बाजारात कुणब्यांनी सावकारांची खाती जाळली होती. राज्यकर्ते अस्वस्थ होते.

कायद्याच्या व्याख्येत बंदुका आणि संगिनींबरोबर तलवारी, खंजीर, भाले, भाल्यांची पाती, इतकेच काय धनुष्यबाणसुद्धा होते. १३ व्या कलमाने परवान्यावाचून हत्यार घेऊन फिरायला मनाई केली. १४ व्या कलमाने परवान्यावाचून बंदूक आणि दारूगोळा जवळ ठेवायला मनाई केली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. हत्यार लपवण्याचा हेतू दिसला तर सात वर्षांपर्यंत. पण लोकांना खरे झोंबले ते २७ वे कलम. या कलमाने सरकारला कोणाही माणसाला किंवा माणसांच्या वर्गाला कायद्यातून सूट देता येत होती. या अधिकाराखाली जे नियम झाले त्यांत युरोपियन, अँग्लो-इंडियन, आर्मेनियन आणि अमेरिकन यांना वंशाच्या आधारावर मोकळीक मिळाली.

याचा अर्थ रोजच्या जगण्यात काय होता ते पाहा. बोरीबंदरच्या फलाटावर कालच बोटीतून उतरलेला गोरा कारकून खिशात रिव्हॉल्वर घालून उभा राहू शके. त्याला कोणी कागद विचारणार नाही. त्याच्या शेजारी हायकोर्टातला देशी वकील उभा असला, किंवा तीस वर्षे सरकारी नोकरी करून पेन्शन घेतलेला सबजज्ज उभा असला, तर त्याला तलवारीलाही परवाना लागे. राजेरजवाडे, मोठे जमीनदार, किताबवाले अशा काही हिंदी लोकांनाही सूट होती. त्यामुळे त्या यादीत नाव असणे हीच एक पदवी होऊन बसली.

खेड्यातली तक्रार वेगळी होती. कोकणात भात पोटरीला आले की रानडुकरांचे कळप उतरतात, घाटावर ऊस आणि ज्वारीला तोच जाच. रात्रभर माळ्यावर बसून डबे बडवायचे, आरोळ्या ठोकायच्या, शेकोट्या पेटत्या ठेवायच्या. एक ठासणीची बंदूक असली तर दोन बारांत काम होते. पण ती हवी तर तालुक्याच्या कचेरीत अर्ज, पोलिसांचा अहवाल, मामलेदाराचा शेरा, वरची सही, आणि पुन्हा मुदत संपली की तेच सगळे. ज्याची दोन एकर शेती आहे त्याने हे हेलपाटे घालायचे कधी आणि पेरणी करायची कधी? हत्यारांच्या कायद्याविरुद्ध सभांतून जी भाषणे झाली त्यांत राष्ट्राच्या पौरुषाची भाषा पुष्कळ होती, पण ज्या श्रोत्यांना ती पटली त्यांच्यापैकी अनेकांच्या डोळ्यांसमोर डुकरांनी उकरलेले शेत होते.

कायदा होऊन वर्ष उलटते न उलटते तोच वासुदेव बळवंत फडक्यांनी रामोशांना हाताशी धरून १८७९ च्या फेब्रुवारीत धामारीवर दरोडा घातला. हेतू होता लुटीच्या पैशातून फौज उभी करण्याचा. जुलैत ते पकडले गेले, पुढे एडनला त्यांना ठेवण्यात आले आणि तिथेच १८८३ मध्ये त्यांचा अंत झाला. सरकारला यात आपल्या कायद्याचे समर्थन दिसले. टीकाकारांनी उलट विचारले, की ज्याला बंड करायचे आहे त्याला तुमच्या परवान्याने कधी अडवले? हा वाद तेव्हापासून आजपर्यंत जगात सगळीकडे याच दोन वाक्यांत चालत आला आहे.

१८८२ मध्ये लॉर्ड रिपनने वर्तमानपत्रांवरचा कायदा रद्द केला. त्याचा जुळा भाऊ मात्र तसाच राहिला. मग राष्ट्रसभा, म्हणजे काँग्रेस, भरू लागली, आणि १८८७ च्या डिसेंबरात मद्रासच्या तिसऱ्या अधिवेशनात हत्यारांच्या कायद्याचा प्रश्न ठरावाच्या रूपाने पुढे आला. तरुण बिपिनचंद्र पाल यांचे नाव राष्ट्रसभेत प्रथम गाजले ते याच विषयावरच्या भाषणाने. पुढच्या वर्षी अलाहाबादेत फिरोजशहा मेहतांनीही या मागणीची बाजू घेतली. दोघांचे राजकारण पुढे अगदी निराळ्या वाटांनी गेले, पण या प्रश्नावर जहाल आणि मवाळ एका बाकावर होते.

मद्रासचा तो ठराव आज मुद्दाम वाचण्यासारखा आहे, कारण त्यात जे नाही ते फार बोलके आहे. कायदा समूळ रद्द करा असे त्यात म्हटलेले नाही. लोक राजनिष्ठ आहेत, कायद्याने त्यांची गैरसोय होते आणि त्यांच्यावर नाहक कलंक लागतो, एवढे सांगून ठराव एक नेमकी दुरुस्ती मागतो. सर्वांना हत्यार बाळगण्याची आणि वापरण्याची मोकळीक असावी; सरकारला एखाद्या व्यक्तीला किंवा एखाद्या वर्गाला ती नाकारायची असेल तर त्याने तसा हुकूम काढावा, त्याची कारणे लेखी नोंदवावीत आणि ती प्रसिद्ध करावीत. म्हणजे भांडण बंदुकीपेक्षा पुराव्याच्या ओझ्याचे होते. मी हत्यारास लायक आहे हे प्रजेने सिद्ध करायचे, की तू नालायक आहेस हे सरकारने सिद्ध करायचे? राष्ट्रसभेतल्या वकिलांनी आपल्या पेशाला साजेसा प्रश्न विचारला होता. उत्तर मिळाले नाही. पुढची कित्येक वर्षे हा ठराव थोड्याफार फरकाने येत राहिला आणि सरकार तो दप्तरी दाखल करत राहिले.

त्या काळच्या मराठी पत्रांत हत्यारबंदी हा नेहमीचा विषय होता. ‘केसरी’ने त्यावर वारंवार लिहिले. पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत ज्या घरांतून शिलेदार निघाले त्या घरांतून आता दसऱ्याला जुनी तलवार घेऊन बाहेर पडायचे तरी कागद लागावा, हे शल्य वाचकांना समजावून सांगण्याची गरज नव्हती. पण १८९७ ने चर्चेचा सूर पालटला. प्लेगच्या बंदोबस्ताने संतापलेल्या पुण्यात २२ जूनच्या रात्री चापेकर बंधूंनी गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. दोघेही मेले. अँग्लो-इंडियन पत्रांनी देशी पत्रांवर तोफा डागल्या आणि ‘केसरी’कार टिळकांना राजद्रोहाखाली दीड वर्षाची सजा झाली. नंतर १९०९ च्या २१ डिसेंबरला नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘शारदा’चा प्रयोग पाहायला आलेल्या कलेक्टर जॅक्सनना अनंत कान्हेरे या कोवळ्या मुलाने ठार केले. त्याच्या हातातले ब्राउनिंग पिस्तूल लंडनच्या इंडिया हाउसमधून पेटीच्या दुहेरी तळात दडवून आणलेल्या वीस पिस्तुलांपैकी होते.

या दोन घटनांनी कायद्याच्या दोन्ही बाजूंना एकेक मुद्दा दिला. परवाना शेतकऱ्याच्या ठासणीच्या बंदुकीला अडवत होता, पण समुद्रापलीकडून येणाऱ्या ब्राउनिंगला अडवत नव्हता, हे एक. आणि दुसरे असे, की हत्यारांची मोकळीक मागणाऱ्या कोणाही पुढाऱ्याला आता आधी आपण खुनाचे समर्थन करत नाही हे सांगावे लागत होते. जी मागणी वीस वर्षांपूर्वी राजनिष्ठेच्या नावाने झाली होती तीच आता राजद्रोहासारखी दिसू लागली.

पहिल्या महायुद्धाने तिला पुन्हा तोंड फोडले. सरकारला हिंदुस्थानातून सैनिक हवे होते. ज्या लोकांना घरात बंदूक ठेवायची परवानगी नाही त्यांनी फ्रान्सच्या खंदकात जाऊन ती चालवावी, ही विसंगती कोणाच्याही ध्यानात येण्याजोगी होती. १९१८ च्या जूनमध्ये मुंबईच्या टाउन हॉलमध्ये लॉर्ड विलिंग्डनने युद्धपरिषद बोलावली. टिळकांनी राजनिष्ठेबरोबर राजकीय हक्कांचा विषय काढताच गव्हर्नरांनी त्यांना थांबवले आणि टिळक सभा सोडून निघाले. त्याच महिन्यात गांधीजी खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी पायपीट करत होते. साऱ्या राष्ट्राची हत्यारे हिरावणारा हा कायदा इंग्रजी राज्याच्या काळ्या कृत्यांत सर्वांत काळा ठरेल, असे त्यांनी पत्रकात लिहिले. तो रद्द व्हायचा असेल आणि शस्त्र चालवायला शिकायचे असेल तर ही संधी आहे, असा त्यांचा युक्तिवाद. अहिंसेचा पुरस्कर्ता हे लिहितो याचे तेव्हाही अनेकांना नवल वाटले. पण नि:शस्त्र असणे आणि अहिंसक असणे यांत गांधीजी फरक करत होते. ज्याच्या हाती शस्त्र येऊच दिले नाही त्याने ते टाकले असे म्हणता येत नाही.

युद्धानंतर १९२० च्या नियमांनी वंशावर आधारलेली सूट काढून टाकली. गोऱ्या कारकुनालाही आता परवाना काढावा लागणार होता. कायदा तोच, कलमे तीच, शिक्षाही त्याच. तरीसुद्धा या एका बदलानंतर हत्यारांच्या कायद्यावरचा सार्वजनिक क्षोभ पहिल्यासारखा राहिला नाही. माझ्या मते या साऱ्या इतिहासाची किल्ली इथे आहे. चाळीस वर्षे लोक चिडले होते ते परवान्यातल्या भेदावर. परवाना सर्वांना सारखा झाला तेव्हा तो वाईट असला तरी अपमानकारक राहिला नाही.

हे विधान तपासून पाहण्याजोगा एक प्रसंग नागपुरात घडला. १९२७ मध्ये मंचरशा आवारी या पारशी कार्यकर्त्याने तिथे सशस्त्र सत्याग्रह सुरू केला. लोक त्यांना जनरल आवारी म्हणत. बंगालमध्ये खटल्यावाचून डांबून ठेवलेल्या राजबंद्यांना सोडा, ही त्यांची मागणी आणि त्यासाठी हत्यारांचा कायदा उघडपणे मोडायचा, हा मार्ग. स्वयंसेवक परवान्यावाचून तलवारी घेऊन नागपूरच्या रस्त्यांतून निघत. कोणावर वार करायचा नाही, पकडायला आले की पकडून घ्यायचे. आवारींना शिक्षा झाली आणि तुरुंगात त्यांनी दीर्घ उपोषण केले. मिठाच्या आधी तीन वर्षे, एका साध्या वस्तूला हात लावून कायदा मोडण्याचा हा प्रयोग होता.

तरी तो देशभर पसरला नाही. गांधीजींनी ‘यंग इंडिया’त त्याला पाठिंबा नाकारला. तलवार हाती घेऊन केलेली चळवळ सत्याग्रह म्हणवून घेऊ शकत नाही, हा त्यांचा आक्षेप. काँग्रेसनेही ती आपली मानली नाही. नागपूरकरांनी आवारींच्या धैर्याचे कौतुक केले, पण त्यांच्या मागे गावेच्या गावे तलवारी उपसून निघाली असे झाले नाही. १९३० मध्ये मिठासाठी मात्र ती निघाली. मिठाचा कर प्रत्येक चुलीपर्यंत पोहोचत होता. विनापरवाना तलवार मिरवण्याचा हक्क तेवढ्या घरांना हवासा वाटत नव्हता.

आणि नेते तरी काय मागत होते? १९२८ च्या नेहरू अहवालात हत्यार बाळगण्याचा नागरिकाचा हक्क आहे, पण तो नियमांना धरून. १९३० च्या जानेवारीत गांधीजींनी व्हाइसरॉयपुढे अकरा मागण्या ठेवल्या. शेवटची मागणी स्वसंरक्षणासाठी बंदुकांचे परवाने मिळावेत आणि त्यांवर लोकांचे नियंत्रण असावे, ही. १९३१ च्या कराची ठरावातही हत्याराचा हक्क आहे आणि शेजारीच नियमांची अट आहे. परवानाच नको असे यांतले कोणीच म्हणत नव्हते. परवाना कोण देणार, कोणाला जबाबदार राहून देणार, एवढाच प्रश्न होता.

स्वातंत्र्य आले आणि तो प्रश्न घटना समितीपुढे उभा राहिला. १९४८ च्या डिसेंबरात मूलभूत हक्कांच्या कलमांवर चर्चा चालू असताना ह. वि. कामथ यांनी दुरुस्ती मांडली : कराचीत वचन दिल्याप्रमाणे हत्यार बाळगण्याचा हक्क घटनेत घाला. दहाच महिन्यांपूर्वी बिर्ला भवनाच्या हिरवळीवर बेकायदा मिळवलेल्या बेरेटा पिस्तुलाने गांधीजींचा खून झाला होता. फाळणीच्या दंगलींची राख गरम होती. डॉ. आंबेडकरांनी उत्तर दिले. हा हक्क सरसकट दिला तर तो चोर-दरोडेखोरांनाही मिळेल, त्यांना तो द्यायचा आहे काय, असे त्यांनी विचारले. आजच्या परिस्थितीत शस्त्र धरण्याच्या हक्कापेक्षा, संकटकाळी देशासाठी शस्त्र धरण्याच्या नागरिकाच्या कर्तव्यावर भर द्यायला हवा, असेही ते म्हणाले. दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेत नागरिकाला सभा भरवण्याचा हक्क मिळाला, तो शांततेने आणि विनाशस्त्र. हत्यारे, दारूगोळा आणि स्फोटके हा विषय केंद्राच्या यादीत गेला.

सगळ्यात चमत्कारिक गोष्ट पुढे आहे. ज्या कायद्याला साठ वर्षे काळा म्हटले तो स्वतंत्र भारतात आणखी पंधरा वर्षे तसाच चालला, आणि त्यावर मोठे आंदोलन झाले नाही. १९५९ मध्ये संसदेने नवा कायदा केला आणि १ ऑक्टोबर १९६२ पासून तो अमलात आला. जुन्या कायद्याचा हेतू साऱ्या राष्ट्राला नि:शस्त्र करण्याचा होता, असे नव्या विधेयकाच्या उद्देशपत्रिकेत स्पष्ट म्हटले होते. तलवारी-भाल्यांना आता सगळीकडे परवाना लागेनासा झाला. सरकार ज्या भागात तशी अधिसूचना काढील तिथेच तो लागतो. पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक हवी असेल तर परवाना देण्याकडे कायद्याचा कल ठेवला गेला. माळ्यावर डबे बडवणाऱ्या कोकणातल्या शेतकऱ्याची तक्रार ऐंशी वर्षांनी कलमात उतरली. आणि १४ व्या कलमात एक पोटकलम आले : परवाना नाकारायचा असेल तर अधिकाऱ्याने कारणे लेखी नोंदवावीत, आणि अर्जदाराने मागितली तर ती थोडक्यात कळवावीत. अपवाद एवढाच, की कारण सांगणे सार्वजनिक हिताचे नसेल तर ते सांगू नये. नकाराविरुद्ध अपिलाचीही सोय झाली. १८८७ च्या ठरावाने मागितलेले लेखी कारण बहात्तर वर्षांनी मिळाले. पुराव्याचे ओझे मात्र अर्जदाराच्याच खांद्यावर राहिले.

वंशाच्या नावाने दिलेली एक सूटही उरली. कोडगूच्या कोडवा समाजाला इंग्रजांनी दिलेली मोकळीक केंद्र सरकारने २०१९ मध्ये २०२९ पर्यंत वाढवली. बाकी ठिकाणी कायदा घट्टच होत गेला. १९८३ मध्ये एका माणसाकडे जास्तीत जास्त तीन बंदुका अशी मर्यादा आली, २०१९ मध्ये ती दोनवर आली. २०२३ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना हत्यारांच्या सुळसुळाटाची स्वत:हून दखल घेतली आणि अमेरिकेसारखा हत्याराचा मूलभूत हक्क आपल्या घटनेत नाही याची आठवण करून दिली. त्या देशात आज निम्म्याहून अधिक राज्यांत परवान्यावाचून पिस्तूल घेऊन फिरता येते. आपल्याकडे अशी मागणी घेऊन कोणताही पक्ष निवडणुकीला उभा राहत नाही.

उलट लोकमताचा काटा आता दुसरीकडे झुकला आहे. २०२४ च्या अखेरीस बीड जिल्ह्यात मस्साजोगच्या सरपंचाचा खून झाला आणि त्यानंतर जिल्ह्यात बंदुकीचे परवाने किती आणि कोणाकडे आहेत हा प्रश्न गावागावात विचारला जाऊ लागला. हवेत गोळीबार करतानाच्या चित्रफिती फिरल्या. प्रशासनाला अनेक परवाने रद्द करावे लागले. मद्रासच्या ठरावातले वकील आम्हाला का नाकारता असे विचारत होते, बीडचे लोक यांना का दिलेत असे विचारत होते. प्रश्नाचे टोक फिरले, पण जाब मागितला जात होता तो सरकारकडेच.

म्हणून या भांडणाचा निवाडा असा करावा लागतो. बंदूक मोकळी असावी असे इथल्या जनतेने कधी बहुमताने म्हटले नाही. परवाना देणाऱ्याच्या हाती मनमानी असू नये, हे मात्र तिने दीडशे वर्षे म्हटले आहे. नाकारलेल्या अर्जाचे कारण मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे. मंजूर झालेल्या परवान्याचेही कारण मागायची सवय आता नागरिकांनी लावून घ्यावी. आपल्या जिल्ह्यात किती परवाने दिले गेले आणि कशासाठी, ही साधी माहिती कलेक्टर कचेरीकडून मागून घ्या.